लिस्टच्या सोनाटाचे परीक्षण घड्याळावर नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी एकोणिसाव्या शतकातील हंगेरियन संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांच्या बी मायनर सोनाटाच्या निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांची तुलना करणारा लेख प्रसिद्ध झाला. एका मराठी दैनिकाने पियानोवरच्या इतक्या अवघड रचनेसाठी अर्धे पान दिले याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र लेखाखालच्या चौकटीत प्रत्येक वादकाच्या नावापुढे मिनिटे, सेकंद आणि तारका छापल्या होत्या, आणि ज्याने सोनाटा सर्वांत कमी वेळात पूर्ण केला त्याला सर्वांत जास्त तारका मिळाल्या होत्या. पुढच्याच रविवारी त्यावर एका वाचकाचे पत्र आले. त्यांचे म्हणणे असे की पाश्चात्त्य संगीतात सगळेच कागदावर लिहिलेले असते, आपल्या ख्यालासारखी मोकळीक तेथे नसते, त्यामुळे एक ध्वनिमुद्रण ऐकले की सगळी ऐकल्यासारखीच आहेत. लेखक आणि वाचक यांची मते एकमेकांच्या विरुद्ध दिसत असली तरी दोघांचा गैरसमज एकच आहे. स्वर ठरलेले असले की वादकाच्या हाती फक्त वेग उरतो, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. गेली चाळीस वर्षे मी हा सोनाटा ऐकत आलो आहे आणि माझा अनुभव नेमका उलट आहे, म्हणून हे पत्र.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द सांगणे योग्य होईल. मी पियानोवादक नाही. गिरगावातील चाळीत लहानाचा मोठा झालो, वडिलांमुळे हार्मोनियमवर हात बसला, आणि पुढे फोर्टमधल्या कचेरीत नोकरी करताना दुपारच्या सुटीत काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये जाऊन तबकड्या ऐकण्याची सवय लागली. हे दुकान २०१६ साली बंद झाले. तिथल्या ध्वनिकक्षात उभे राहून ऐकायला मिळत असे आणि आज काय घेणार, असे कोणी विचारत नसे, हे माझ्या पिढीच्या अनेक मुंबईकरांना आठवत असेल. धोबीतलावच्या एका वयस्क गोवेकर शिक्षकांनी मला या सोनाटाची छापील प्रत वापरायला दिली आणि बोट ठेवून ती कशी वाचायची तेही शिकवले. त्यांच्या त्या प्रतीत शिसपेन्सिलीने ठिकठिकाणी एकच खूण होती, एक लहानसे वर्तुळ, आणि ती सर्व वर्तुळे विरामांच्या चिन्हांभोवती होती. स्वरांभोवती एकही नव्हते.

आता मूळ मुद्दा. सोनाटाच्या हस्तलिखितावर २ फेब्रुवारी १८५३ ही तारीख आहे, तो १८५४ मध्ये छापला गेला आणि संगीतकार रॉबर्ट शूमन यांना अर्पण केला गेला. शूमन यांनी आपली सी मेजरमधली फँटसी लिस्ट यांना अर्पण केली होती, त्याची ही परतफेड. पण छापील प्रत शूमन यांच्या घरी पोहोचली तेव्हा ते मनोरुग्णालयात होते, आणि त्यांच्या पत्नी क्लारा शूमन यांना त्या रचनेत निव्वळ गोंगाट ऐकू आला. पहिले जाहीर वादन १८५७ साली बर्लिनमध्ये हान्स फॉन ब्युलो यांनी केले आणि समीक्षकांनी त्यावर कडाडून टीका केली. एकूण ७६० मापांची (माप म्हणजे मात्रांचा एक खंड), मध्ये कोठेही न थांबणारी, साधारण अर्ध्या तासाची ही रचना आहे. ऐकणाऱ्यापाशी त्या काळी एखादे वादन दुसऱ्याशी ताडून पाहण्याची सोय नव्हती. ती सोय ध्वनिमुद्रणाने आपल्याला दिली आहे, आणि म्हणूनच तिचा उपयोग कसा करायचा याचा विचार करावासा वाटतो.

लेखकाने दिलेली मिनिटे ढोबळमानाने बरोबर आहेत. व्लादिमिर होरोविट्झ यांचे १९३२ चे ध्वनिमुद्रण साडेसव्वीस मिनिटांच्या आसपास आहे, मार्था आर्गेरिच यांचे १९७१ चे त्याहूनही थोडे कमी, क्रिस्टियान झिमरमन यांचे १९९० चे साडेतीस मिनिटांच्या पुढे, आणि क्लॉदिओ अराऊ यांचे १९७० चे बत्तीस मिनिटांच्या जवळपास. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ वादनांत सुमारे सहा मिनिटांचे अंतर पडते. ही सहा मिनिटे जातात कोठे, हा प्रश्न लेखकाने विचारला असता तर तारकांची चौकट त्यांना छापावीशी वाटली नसती, असे मला वाटते. सोनाटाच्या शेवटाकडे दोन्ही हातांनी सप्तकाच्या जोड्या विजेच्या वेगाने वाजवण्याची जी प्रसिद्ध जागा आहे, जिच्यावरून होरोविट्झ यांचे नाव झाले आणि जिचे लेखात दोन परिच्छेद वर्णन आहे, ती सारी मिळून अर्ध्या मिनिटाच्या घरात संपते. तेथे कोणी कितीही जलद वाजवले तरी वाचतील ते पाच-सात सेकंद. उरलेला सगळा फरक संथ भागांत, एकाकी गद्यासारख्या बोलणाऱ्या ओळींत आणि विरामांत पडतो. म्हणजे ज्या अर्ध्या मिनिटावरून क्रमांक लावला गेला, त्या अर्ध्या मिनिटाचा क्रमांकाच्या आकड्यांशी जवळजवळ संबंधच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत त्याच भातातले असायला हवे.

मग तुलना कशाची करायची? माझ्या मते सोनाटातील तीन-चार ठराविक जागा निवडून त्या प्रत्येक वादकाकडून ओळीने ऐकाव्यात. पहिली जागा अगदी सुरुवातीची आहे आणि तिच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मराठी कानाला ती विशेष जवळची आहे. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाचचा स्वर मंद्रात, दबक्या आवाजात, तोडून वाजतो. त्यानंतर त्याच स्वराला धरून एक सुरावट सावकाश खाली उतरते. पांढरी पाचला षड्ज मानून ऐकले तर या पहिल्या उतरणीचे स्वर भैरवीचे आहेत. निषाद, धैवत, गंधार आणि रिषभ चारही कोमल. थोड्या विरामानंतर तीच उतरण पुन्हा येते, पण आता निषाद शुद्ध, मध्यम तीव्र, रिषभ शुद्ध, आणि कोमल राहिलेले फक्त धैवत आणि गंधार. कर्नाटक पद्धतीत ज्याला सिंहेंद्रमध्यम म्हणतात त्याचे हे स्वर. लिस्ट यांच्यासमोर अर्थातच हंगेरीतल्या जिप्सी वादकांची स्वरमाला होती. ही दुसरी उतरण ऐकताना अंगावर काटा येतो तो तीन स्वर बदलल्यामुळे, आणि पहिल्या उतरणीत वादकाने भैरवीचे स्वर नीट मनात ठसवले असतील तरच तो येतो.

आता याच जागेवर वादक काय करतात ते ऐकावे. स्व्यातोस्लाव रिख्टर यांनी सांगून ठेवले आहे की हा सोनाटा वाजवायला बसले की ते हालचाल न करता मनातल्या मनात अगदी सावकाश तीस अंक मोजत, सभागृहात चुळबुळ सुरू होई, यांना बरे वाटत नाही की काय अशी शंका लोकांना येई, आणि तेव्हा कोठे पहिला स्वर पडे. १९६६ मध्ये इंग्लंडमधील ऑल्डबरा येथे मैफलीत झालेले त्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तबकडीवर ते मोजणे अर्थातच ऐकू येत नाही, पण पहिला स्वर आधीच्या शांततेतून उगवल्यासारखा येतो हे मात्र जाणवते. झिमरमन तो स्वर इतका नेमका वाजवतात की तो कोरडा आहे की दमट हेसुद्धा ठरवून केलेले वाटते. ते स्वतःचा पियानो बरोबर घेऊन दौरे करणारे, त्याच्या अंतर्गत यंत्रणेत स्वतः हात घालणारे वादक आहेत आणि त्याचा परिणाम अशा एका स्वरातही दिसतो. आर्गेरिच येथे रेंगाळत नाहीत. त्यांचे लक्ष पुढे येणाऱ्या उसळीकडे असते आणि सुरुवातीची शांतता त्यांच्याकडे धनुष्याची दोरी ओढल्यासारखी आहे. अराऊ यांच्याकडे ती दोरी नसून ओझे आहे. कागदावरचे स्वर चौघांचेही तेच आहेत. या जागेत वेगाचा प्रश्न येतही नाही.

पत्रलेखक वाचकांना मी विनंती करेन की त्यांनी घरातला पंखा पाच मिनिटे बंद करून या चार सुरुवाती एकामागून एक ऐकाव्यात. पंख्याच्या आवाजात हा मंद्र स्वर बुडून जातो, आणि आपल्यापैकी अनेकांना सगळी वादने सारखी वाटतात त्याचे एक कारण इतके साधे असू शकते.

ख्यालाशी केलेली तुलनाही थोडी तपासून घ्यायला हवी. ख्यालात बंदिश चार ओळींची असते आणि विस्तार गायकाचा असतो. लिस्ट यांनी विस्तारही लिहून ठेवला आहे, हे मान्य. पण त्यांनी ‘दबक्या आवाजात’ असे लिहिले तेव्हा किती दबक्या, हे लिहिलेले नाही. विरामावर ‘थांबा’ची खूण केली तेव्हा किती वेळ, हे लिहिलेले नाही. दोन्ही हातांखाली मिळून आठ स्वर एकदम असतात, त्यांतला कोणता वर काढायचा आणि कोणते मागे ठेवायचे, तेही लिहिता येत नाही. स्वर लांबवणारे, पायाखालचे पेडल पूर्ण दाबायचे की अर्धे, हे तर सभागृहाच्या गुंजनावरच ठरते. आपल्याकडे एकाच गुरूकडे शिकलेले दोन गायक एकच बंदिश मांडतात तेव्हा सम एकच असूनही समेवर येण्याची दोघांची तऱ्हा निराळी असते आणि आपण त्या तऱ्हेलाच दाद देतो. तीच दाद येथेही द्यायला काय हरकत आहे?

दुसरी जागा निवडायची तर मी ती उताऱ्यांची जोडी निवडेन. सुरुवातीच्या उतरणीनंतर सप्तकाच्या झेपा येतात आणि लगेच खर्जात एकाच स्वरावर ठोठावणारे, धमकावल्यासारखे एक छोटे वाक्य येते. पुढे काही मिनिटांनी उजव्या हातात एक अतिशय मृदू, गाणारी सुरावट उमलते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती नवी वाटते, पण ती नवी नाही. ते धमकावणारे वाक्यच लांबवून, वरच्या सप्तकात नेऊन, खाली वाहती साथ देऊन लिस्ट यांनी त्याचे गाणे केले आहे. द्रुतातला एखादा मुखडा कोणी विलंबितात, निराळ्या भावाने गावा आणि ऐकणाऱ्याला उशिरा कळावे की अरे, हे तर तेच, तसे हे आहे. या जागेवर दोन प्रकारचे वादक दिसतात. आल्फ्रेड ब्रेंडेल यांच्यासारखे वादक, ज्यांनी लिस्ट यांच्यावर लेखन केले आणि हा सोनाटा एकाहून अधिक वेळा ध्वनिमुद्रित केला, ते ठोठावणारे वाक्य आधी इतके स्वच्छ मांडतात की गाणे आले की त्याची ओळख आपोआप पटते. आर्गेरिच मात्र गाणे असे वाजवतात की ते त्याच क्षणी सुचले असावे. ओळख पटवण्याची त्यांना घाई नसते, आणि नाते लक्षात येते ते तिसऱ्या-चौथ्या श्रवणात. मला स्वतःला दोन्ही हवे असतात. तारका द्यायच्याच झाल्या तर येथे कोणाला किती द्याव्यात, हे लेखकाने सांगावे.

आर्गेरिच यांच्या त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शूमन यांचा जी मायनर सोनाटा आहे. ज्यांना लिस्ट यांनी ही रचना अर्पण केली आणि ज्यांना ती बहुधा कधी ऐकायला मिळाली नाही, ते शूमन तबकडीवर पाठीला पाठ लावून आहेत. ही जुळणी लक्षात आल्यापासून ती तबकडी मी नेहमी दोन्ही बाजूंनी ऐकतो.

तिसऱ्या जागेविषयी थोडक्यात. रचनेच्या उत्तरार्धात तीन आवाजांची फ्यूग, म्हणजे एकच सुरावट निरनिराळ्या आवाजांनी एकामागून एक उचलण्याची रचना, सुरू होते. सोनाटाचे घर पांढरी सातचे, म्हणजेच ‘बी’चे, आणि ही फ्यूग सुरू होते काळी पाचवर, म्हणजे घरापासून जेमतेम अर्धा स्वर खाली. झेपा आणि ठोठावणे ही दोन्ही वाक्ये येथे एकत्र जोडली आहेत. आर्गेरिच यांचा येथील वेग थक्क करणारा आहे आणि तरीही तिन्ही आवाज सुटे ऐकू येतात, हे मान्य करायलाच हवे. वेगाला माझा विरोध नाही. मात्र अराऊ तीच फ्यूग संथपणे, कडवटपणे वाजवतात, आणि तिच्यातला उपहास त्यांच्याकडे अधिक बोचतो. अराऊ यांचे गुरू मार्टिन क्राउझे हे लिस्ट यांचे शिष्य, आणि हा सोनाटा म्हणजे सैतानाशी करार करणाऱ्या फाउस्टची कथा आहे असे लिस्ट यांच्या शिष्यवर्तुळात मानले जाई, असे अराऊ सांगत. खुद्द लिस्ट यांनी रचनेला कोणतीही कथा जोडलेली नाही, तेव्हा ती मानावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण घराण्यातून आलेली अशी समजूत वादकाच्या बोटांत कशी उतरते, हे समजून घेण्यासाठी मराठी श्रोत्यांइतका तयार श्रोता दुसरीकडे क्वचितच सापडेल.

लेखातील एका उणिवेकडे मात्र लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यामुळे होरोविट्झ यांच्यावरही अन्याय झाला आहे, त्यांना वरचा क्रमांक देऊनसुद्धा. १९३२ मध्ये चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण होत नव्हते. ७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटे मावत, म्हणून सोनाटाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एका दमात वाजवावा लागे आणि त्यात एखादा स्वर चुकला तर तो तसाच ठेवावा लागे किंवा पूर्ण बाजू पुन्हा वाजवावी लागे. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना कोणीही जाणता श्रोता असे म्हणत नाही की खाँसाहेब राग तीन मिनिटांत आटोपत असत. तबकडी तेवढीच होती हे आपल्याला ठाऊक असते आणि त्या तीन मिनिटांत त्यांनी काय साधले ते आपण ऐकतो. एकोणतीस वर्षांच्या होरोविट्झ यांनी अशा तुकड्यांतून अखंड अर्ध्या तासाचा ताण टिकवला, खर्जातले ठोठावणे गुरगुरल्यासारखे वाजवले, आणि संथ भागात आवाज इतका खाली नेला की जुन्या तबकडीच्या खरखरीतूनही तो ऐकू येतो. ही त्यांची खरी थोरवी आहे. त्यापुढे १९७१ किंवा १९९० ची ध्वनिमुद्रणे ठेवताना, ज्यांत फितीवर जोडकाम शक्य होते, आणि रिख्टर यांचे मैफलीतले वादन ठेवताना, ज्यात श्रोते समोर बसले होते, प्रत्येकाची परिस्थिती एका ओळीत तरी सांगायला हवी होती. अराऊ आणि होरोविट्झ हे दोघेही १९०३ सालचे जन्म. एकाचे ध्वनिमुद्रण एकोणतिसाव्या वर्षीचे आणि दुसऱ्याचे सदुसष्टाव्या. होरोविट्झ यांनी सत्तरी ओलांडल्यावर हाच सोनाटा पुन्हा ध्वनिमुद्रित केला तेव्हा तो तरुणपणीपेक्षा काही मिनिटांनी लांबला आणि अधिक विचित्र, अधिक खंडित झाला. लेखाच्या मोजपट्टीने स्वतः होरोविट्झच होरोविट्झ यांच्यापुढे हरतात.

आता शेवटच्या जागेकडे येतो, जिचा लेखात उल्लेखही नाही. लिस्ट यांनी आधी या सोनाटाचा शेवट मोठ्या आवाजात, गजरात लिहिला होता. हस्तलिखितात तो खोडलेला दिसतो, आणि त्याच्या जागी आज आपण ऐकतो तो शांत शेवट आहे. त्या वेगवान सप्तकजोड्यांनंतर रचना कळसाला पोहोचते आणि अचानक थांबते. त्यानंतर एक विराम आहे. मग संथ भागातली सुरावट परत येते, ठोठावणारे वाक्य दूरवरून कुजबुजते, सुरुवातीची उतरण पुन्हा ऐकू येते, वर अगदी हळू तीन स्वरसंघ वाजतात आणि सर्वांत शेवटी डाव्या टोकाजवळची पांढरी सात एकदाच, आखूड वाजते. संपूर्ण रचना जिच्या नावाने ओळखली जाते तो हा स्वर.

कळसानंतरच्या त्या विरामाविषयी मला एक प्रसंग सांगायचा आहे. शहरातील एका सभागृहात काही वर्षांपूर्वी एका पाहुण्या वादकाने हा सोनाटा फार तन्मयतेने वाजवला. कळस झाला, त्यांनी हात उचलले, आणि विराम सुरू होतो न होतो तोच पहिल्या रांगांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. वादकाने मान खाली घातली, टाळ्या ओसरेपर्यंत तसेच थांबले आणि मग संथ सुरावट सुरू केली. पण जी शांतता त्या सुरावटीला जन्म देते ती गेली ती गेलीच. टाळ्या वाजवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना मनापासून आवडले होते. पण हा सोनाटा म्हणजे जलद सप्तकजोड्यांचा पराक्रम, असे आपण छापून सांगत राहिलो तर पराक्रम संपला की टाळ्या येणारच.

याच शेवटाबाबत माझीही फसगत झालेली आहे. कचेरीतल्या एका मित्राकडे अराऊ यांची तबकडी होती आणि ती त्याने मला कॅसेटवर उतरवून दिली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची आणि अराऊ यांचे वादन बत्तीसच्या घरातले. गजर होई, शांतता येई, संथ सुरावटीचे काही बोल ऐकू येत आणि खट्कन बटण वर उडे. तोच शेवट, असे मी जवळजवळ दोन वर्षे समजत होतो. मला तो अपुरा वाटे, पण थोर रचना अशाही संपत असतील, असे मी मनाशी म्हणे. मग एके दुपारी रिदम हाउसच्या ध्वनिकक्षात दुसऱ्याच वादकाची तबकडी ऐकताना सुरावट माझ्या ओळखीच्या जागेच्या पुढे गेली. मी घड्याळाकडे पाहिले, कचेरीत परतायची वेळ झाली होती, पण मी हललो नाही. उतरण परत आली तेव्हा ती सुरुवातीचीच आहे हे ओळखायला मला क्षणभर लागला. स्वरसंघ वाजले. खर्जातला तो एक स्वर आला आणि सुई खरखरत मध्यभागाकडे गेली. धोबीतलावच्या गुरुजींकडे त्या संध्याकाळी प्रत उघडून शेवटचे पान पाहिले, तर त्या स्वराच्या आधीच्या विरामाभोवतीही पेन्सिलीचे वर्तुळ होते.

तेव्हापासून कोणाचेही नवे ध्वनिमुद्रण हाती आले की मी आधी शेवटची तीन मिनिटे ऐकतो. तो आखूड स्वर काहीजण दार लोटल्यासारखा वाजवतात, काहीजण जेमतेम स्पर्श करून सोडतात, काहीजण पेडलाखाली तो लांबू देतात, वास्तविक लिस्ट यांनी तो आखूड लिहिला आहे. आधीचे तीन स्वरसंघ कोण किती सावकाश घेतो, त्यांच्यामध्ये हवा किती ठेवतो, यावरून आधीच्या अर्ध्या तासाविषयी बरेच काही उलगडते.

आपल्या पुरवणीत ही तुलनेची लेखमाला पुढे चालू ठेवण्याचा विचार असल्याचे लेखाखाली म्हटले होते. ती जरूर चालू ठेवावी, मी तिची वाट पाहीन. पुढच्या वेळी चौकट छापायचीच असेल तर तारकांऐवजी प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे साल, ते स्टुडिओतले की मैफलीतले, आणि वाचकाने कोणत्या मिनिटाला काय ऐकावे, एवढे द्यावे. आणि या सोनाटाविषयी पुन्हा लिहिण्याचा योग आला तर लेखकाने शेवटचा स्वर कोणी किती धरला, ते प्रत्येकाच्या नावापुढे आवर्जून नोंदवावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई